सात नंबरचा पाय

४ जून
सकाळी उठलो तर डाव्या पायाला मुंग्या. पाय झटकला, आपटला, चोळला. गेल्या नाहीत. कारण लगेच लक्षात आले. टेबलफॅन. ही पंख्याचे तोंड माझ्या पायाकडे करून झोपते. तिला सुनावले की तुझ्या पंख्याने माझ्या नसा आखडल्या. म्हणाली, अहो, पंखा कधीचा बंद पडलाय, तुम्हीच दुरुस्तीला नेणार होता ना. विषय तिथेच सोडून दिला.
संकल्प: पंखा दुरुस्त करून आणणे. मग त्याचे तोंड तिच्याकडे करणे.

६ जून
उजव्या पायालाही मुंग्या. म्हणजे पंख्याचा दोष नव्हता. खरे कारण फरशी. गार फरशीवर अनवाणी चालले की तळव्यातले रक्त तिथेच थिजते, वर चढत नाही. आजपासून घरातही बूट. हिने नुकतीच फरशी पुसली होती. बोलाचाली झाली. भाजीत मीठ नव्हते. विसरली म्हणते.

९ जून, दुकानात
गिऱ्हाईक नाही म्हणून लिहितो आहे. पायांच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. हा मालक जन्मला नव्हता तेव्हापासून मी या बुटांच्या दुकानात आहे. गिऱ्हाइकाची टाच मुठीत धरली की नंबर सांगतो. डॉक्टर लोकांना पाय म्हणजे माणसाचे शेवटचे टोक. तिथपर्यंत पोचेतो त्यांची फी वसूल झालेली असते. मी मात्र सुरुवातच तिथून करतो.
मालकाने काउंटरवर एक नवी बाई ठेवली आहे. ती लोकांना लोखंडी मापपट्टीवर उभे करते. बटाटे तोलावेत तसे पाय तोलते. लोकांना तेच आवडते. लोक मूर्ख आहेत.
आज मालकाने सांगितले, डिसेंबरात नवे दुकान. दोन मजले, माल सगळा वरच्या मजल्यावर. मला म्हणाला, काका, दिवसभर वर-खाली करावं लागेल, जमेल ना? नाही जमलं तर तसं सांगा, घरी आराम करा. आराम हा शब्द तो म्हाताऱ्या कुत्र्याबद्दल बोलावे तसा बोलला. मी तिथल्या तिथे शिडी चढून सगळ्यात वरचे खोके काढून दाखवले. वर गेल्यावर डावा पाय पायरीवर आहे की नाही ते कळेना. खाली पाहिले. होता.
संकल्प: नव्या दुकानात दाराजवळची खुर्ची माझी. तोपर्यंत पायाबद्दल दुकानात ब्र काढायचा नाही.

१५ जून
साडू आले होते. हिच्या मोठ्या बहिणीचे यजमान. बँकेत कारकून होते, आता पूर्णवेळ आजारी आहेत. त्यांच्या उजव्या पायात कमरेपासून टाचेपर्यंत वीज चमकते म्हणे. खुर्चीत एका कुल्ल्यावर बसतात. चहाचा कप उचलतानाही आई गं.
त्यांच्या डॉक्टरने सांगितले की पाठीच्या मणक्यात नस दबली आहे. त्यावरून मला लेक्चर. साडूभाऊ, पाय दुखण्याची, बधिर होण्याची कारणं पुष्कळ असतात. मणका असेल, शुगर असेल, व्हिटॅमिन कमी पडलं असेल, रक्तवाहिनी तुंबली असेल. तुम्हीही दाखवून घ्या. मी म्हणालो, माझा दुखत नाही, नुसत्या मुंग्या येतात. ते म्हणाले, मग तर नक्की दाखवा. ज्याचे दुखते त्याने ज्याचे दुखत नाही त्याला डॉक्टरकडे पाठवायचे, ही बँकेची पद्धत असेल.
ते गेल्यावर मी हिला त्यांची चाल करून दाखवली. एक हात कमरेवर, तोंड वाकडे. पूर्वी अशा नकलांना ही हसायची. वय झाले की विनोदबुद्धी जाते.

२२ जून
तळवे जळतात. निखाऱ्यांवर ठेवल्यासारखे. चादरीचा स्पर्श सहन होत नाही. कारण: अंगातली उष्णता. उपाय: पलंगाजवळ गार पाण्याची बादली, पाय त्यात सोडून झोपणे. झोपेत बादली लवंडली. खालच्या मजल्यावरचा माणूस वर आला, त्याच्या छतातून पाणी गळत होते. मी सांगितले, ही झोपेत चालते. हीच पुढे झाली आणि त्याची माफी मागून आली. मग दिवसभर बोलली नाही. शांतता चांगली वाटली.

३० जून
पेपरात आरोग्याचे पान असते त्यात सापडले. व्हिटॅमिन. साडूंनीही म्हटले होते, पण पेपरात आले की खात्री पटते. औषधवाल्याकडून गोळ्या आणल्या. त्याने विचारले, आजोबा, शुगर आहे का? मला आजोबा म्हणाला. मी म्हणालो, आमच्या घराण्यात शुगर नाही. वडील पन्नाशीतच गेले, त्यांना कुठलाच रोग व्हायला वेळ मिळाला नाही. आईचा पाय शेवटी शेवटी सडला होता, पण तिला काटा लागला होता.

८ जुलै
हिने कुणाचे तरी ऐकून चहातली साखर कमी केली. मीही ठरवले की आता कडक पथ्य. घरी अर्धा चमचाच. दुकानातला चहा वेगळा, तो मालकाचा. तो पथ्यात धरत नाही. तिथे साखर जरा जास्त घेतो, कारण घरी कमी पडते.

१९ जुलै
मोठी बातमी. माझा पाय बारीक झाला.
गेले काही दिवस बूट ढगळ वाटत होते. नऊ नंबर, काळे, नाडीचे, मी स्वतः निवडलेले. चालताना पाय आत तरंगतो आहे असे वाटायचे, बुटाची पकडच कळेना. आज दुकानात कुणी नसताना आठ नंबर घालून पाहिला. झकास. चारही बाजूंनी पाय धरला आहे हे कळते. काचेच्या बाटलीवर रोज तळवा फिरवतो त्याने फालतू मांस झडले असणार.
काउंटरवरची बाई बघत होती. म्हणाली, काका, तुमचा पाय नऊचा आहे, बोटं दुमडतील. मी तिला विचारले, तुम्ही लोकांचे पाय हातात कधीपासून धरायला लागलात? ती पट्टी पुसत राहिली.

२ ऑगस्ट
साडू आणि ही, दोघांनी मिळून कट केला. अपॉइंटमेंट घेऊन मोकळे. मी म्हणालो, येतो, पण पायाला काही झालेले नाही हे सिद्ध करायला येतो.
डॉक्टर तरुण आहे. त्याने मला झोपवले, डोळे मिटायला सांगितले. ब्रशच्या केसासारखा नायलॉनचा दोरा तळव्याला लावतो, लागला की हो म्हणा, असे सांगितले. परीक्षाच म्हणायची. शाळेत सातवीनंतर मी परीक्षा दिली नव्हती. एक डोळा किलकिला केला. समोर औषधांचे काचेचे कपाट होते, त्यात त्याचा हात अगदी स्वच्छ दिसत होता. हात पायापाशी गेला की मी हो म्हणायचो. सगळे बरोबर. एकदा त्याने फसवायला हात नुसताच जवळ नेला. मी फसलो नाही.
डॉक्टर म्हणाला, संवेदना उत्तम आहे, आश्चर्य आहे. घरी येताना हिला तीनदा सांगितले. ती म्हणाली, मला कपाट दिसत होतं. नवऱ्याच्या यशाचा असा द्वेष मी दुसरीकडे पाहिलेला नाही.
रक्त तपासायला सांगितले आहे. त्याचीही तयारी करतो. आजपासून गोड पूर्ण बंद, दुकानातल्या चहासकट.

११ ऑगस्ट
फसवणूक. आठवडाभर कडकडीत पथ्य पाळून रक्त दिले, आणि त्या चाचणीत मागच्या तीन महिन्यांची सरासरी निघते म्हणे. हे आधी सांगायला नको? माणसाच्या पाठीमागे रक्त चुगल्या करते.
डॉक्टर म्हणाला, शुगर भरपूर आहे आणि आजची नाही, बऱ्याच वर्षांची आहे. तिने पायाच्या नसा मारायला सुरुवात केली आहे. गोळ्या दिल्या. वर सूचना. अनवाणी चालू नका, पाय गरम पाण्यात घालू नका, रोज आरशात तळवे बघा, जखम दिसली तर लगेच या. आणि बूट सैल घाला.
बुटांबद्दल मला सांगतो. मी टेबलाखालून त्याचे बूट पाहिले. त्याला मोठे होते. टाचेत बोट जाईल एवढी फट. अशा माणसाकडून मी काय शिकायचे.
हिने विचारले, नसा मेल्या तर परत येतात का? डॉक्टर म्हणाला, आहेत त्या सांभाळा. उत्तर टाळले. त्यालाही माहीत नाही.

१३ ऑगस्ट
रोज तळवे बघायचे काम हिने घेतले. आज पहिला दिवस. मी पलंगावर, ती खाली जमिनीवर, चष्मा नाकावर, माझी टाच हातात. मी जन्मभर दुसऱ्यांच्या पायाशी बसलो. माझ्या पायाशी कुणी बसले की कसेतरीच होते. ती बोटांच्या फटी बघत होती, हळूहळू, गहू निवडावेत तशी. मी म्हणालो, तुला दिसते तरी काय, मोतीबिंदू झालेत दोन्ही डोळ्यांत. ती उठली. गुडघ्यावर हात टेकून उठावे लागले तिला. फार म्हातारी झाली आहे.
हे काम बंद केले. मीच बघत जाईन.

१४ ऑगस्ट
आरसा सापडला नाही.

२४ ऑगस्ट
जिंकलो.
जळजळ थांबली. मुंग्याही नाहीत. डावा पाय अगदी शांत, जणू नाहीच. दुखायचे थांबले म्हणजे बरे झाले, हे समजायला डॉक्टर लागत नाही. गोळ्या बंद केल्या. उगाच निरोगी शरीरात औषध घालू नये.
संध्याकाळी साडू आणि मेहुणीबाई आले. साडूंच्या कमरेला आता रुंद पट्टा. व्यायाम चालू आहे म्हणे, रोज सकाळी जमिनीवर पालथे पडून छाती उचलतात, आणि रोज रडतात. मला त्यांची दया आली. मी मोजा काढला, हिच्या शिवणाच्या डब्यातली टाचणी घेतली आणि सगळ्यांसमोर तळव्यात टोचून दाखवली. हूं की चूं नाही. साडूंना म्हणालो, याला म्हणतात पाय. मेहुणीबाई उठून गॅलरीत गेल्या. साडू टाचणीकडे बघत राहिले. जळतात.
ही म्हणाली, अहो, काढा ती. मी विसरलोच होतो.

१० सप्टेंबर
आठ नंबरही ढगळ झाला. आज सात घातला. बूट चढवायची शिंगाची पट्टी लावून, दाराला धरून, जरा जोर करून आत गेला, पण गेला तो कातडीसारखा बसला. लग्नात माझा पाय सातचा होता. म्हणजे पाय परत तिथे पोचला. बाकीच्या शरीराने त्याच्यापासून काहीतरी शिकावे.
दुकानात आरशासमोर चालून पाहिले. मालक म्हणाला, काका, तुमची चाल बदलली. मी थँक्यू म्हणालो. तो काही तरी बोलणार होता, पण गिऱ्हाईक आले.

२८ सप्टेंबर
मोजे करडे आहेत आणि त्यांतून लाल रंग निघतो. डाव्याच पायाच्या मोज्यातून. कंपन्या किती भिकार माल बनवतात. मी मालकाला सांगितले, हा माल परत पाठवा. काउंटरवरची बाई म्हणाली, करड्यातून लाल कसा निघेल, काका? तिचे सगळ्यातच नाक.
घरी हिने मोजा धुवायला घेतला आणि तशीच हातात धरून उभी राहिली. मग पाय बघायचा हट्ट धरला. मीच बघितला. अंगठ्याखाली फोड आला होता आणि फुटला होता. यात घाबरण्यासारखे काय? नवे चामडे आहे. आम्ही रोज गिऱ्हाइकाला सांगतो, दोन दिवस चावेल, मग चामडे सैल होईल आणि तुम्हाला कळणारही नाही. हिलाही तेच सांगितले. म्हणाली, हे तुम्ही तुमच्या गिऱ्हाइकाला सांगा.
फोडावर टाल्कम पावडर टाकली.

५ ऑक्टोबर
घरात वास येतो आहे. कपाटामागे उंदीर मेला असणार. हिला कपाट सरकवायला लावले. उंदीर नाही. मग पलंग. मग स्वयंपाकघरातला ओटा खालून. काही नाही. ती शेवटी घामाघूम होऊन खुर्चीत बसली आणि माझ्याकडे, म्हणजे माझ्या पायाकडे, बघत राहिली. मी बूट आत ओढले.

७ ऑक्टोबर
आज कमाल झाली. दुकानातही तोच वास. तिथलाही उंदीर मेला.
एका बाईला मी खाली बसून बूट घालत होतो. तिने रुमाल नाकाला लावला, मग उठलीच. म्हणाली, नंतर येते. मग एक गृहस्थ तसेच. मी मालकाला सांगितले की या वेळचे चामडे नीट कमावलेले नाही, वास मारते. त्याने सगळी खोकी हुंगली. काउंटरवरच्या बाईने माझ्या स्टुलाभोवती सेंटची बाटली रिकामी केली. शिष्टाचार कुणी शिकवलाच नाही.
मालक म्हणाला, काका, दोन-चार दिवस सुट्टी घ्या. मी म्हणालो, ऐन सीझनमध्ये मी सुट्टी घेत नाही. तो म्हणाला, ही विनंती नाही.

१२ ऑक्टोबर
अंगात ताप. कारण: हवा.
साडू आले. पट्टा नाही, काठी नाही. दोन जिने चढून आले आणि दम लागला नाही. नीट, दोन्ही कुल्ल्यांवर, बसले. व्यायामाने नस सुटली म्हणे. महिनोन्महिने जमिनीवर रडत पालथे पडायचे आणि मग त्याला उपचार म्हणायचे. बसल्या बसल्या त्यांनी हवा हुंगली, हिच्याकडे पाहिले. मग मला म्हणाले, साडूभाऊ, पाय दाखवा बघू. मी म्हणालो, तुम्ही बँकेत होता, पायांचे खाते माझे. ते हसले नाहीत. त्यांनी माझे खांदे धरले आणि हिने बूट ओढला. आपल्या घरात, आपल्या खुर्चीत, माणसाला असे धरले. बूट निघेना. नाडी कापली.
मोजा कातडीला चिकटला होता. तो ओला करून सोडवला. डावा अंगठा काळा झाला होता. मी म्हणालो, पॉलिश लागले असेल. हिने खरोखरच ओले फडके आणले आणि पुसायला लागली. पुसत राहिली. साडू तिला म्हणाले, राहू दे गं.
मला काहीही दुखत नव्हते. हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितले.

१३ ऑक्टोबर, हॉस्पिटल
सर्जन भला माणूस आहे. म्हणाला, अंगठा काढावा लागेल. मी म्हणालो, पण तो दुखत नाही. तो म्हणाला, तिथेच तर घात झाला, आजोबा. दुखला असता तर तुम्ही बूट काढून फेकला असता. दुखणं म्हणजे पायाचा आरडाओरडा. तुमच्या पायाचा आवाज बसला होता, आणि तुम्ही समजलात की सगळं ठीक आहे म्हणून गप्प आहे.
बोलतो छान. त्याने विचारले, हा बूट कुठल्या नंबरचा? हिने सांगितले. त्याने मापाची टेप लावली आणि म्हणाला, हा पाय नऊचा आहे. मग समजावत बसला की बधिर पायाला बरोबर मापाचा बूट सैल वाटतो, आवळला तरच जाणवतो, म्हणून असे रोगी नेहमी बूट लहान घेतात. नेहमी म्हणाला. म्हणजे मी एकटा नव्हतो. हिला मुद्दाम दाखवून दिले की असे पुष्कळ लोक करतात. तिने मान हलवली. सलाइनच्या बाटलीतल्या थेंबांकडे बघत होती.

१६ ऑक्टोबर
अंगठा गेला. हरकत नाही. सगळ्या वजनाला टाच असते. अंगठा मुख्यतः शोभेचा. नाडीचा बूट घातला तर कुणाला कळणारही नाही. मालकाला निरोप पाठवला की किरकोळ ऑपरेशन झाले, डिसेंबरच्या आत हजर होतो, खुर्ची दुसऱ्या कुणाला देऊ नये.

१९ ऑक्टोबर
बाकीची बोटेही गेली. आता पाय लहान मुलाच्या नंबरचा झाला असेल. हा विनोद मी नर्सला सांगितला. तिने माझ्या उशीची खोळ बदलली.

२२ ऑक्टोबर
ताप उतरत नाही. सर्जन आज खुर्ची ओढून बसला. डॉक्टर खुर्ची ओढून बसला की गोष्ट वाईट. म्हणाला, विष वर चढलं आहे. गुडघ्याखाली कापावं लागेल. मी म्हणालो, घोट्यापर्यंत थांबता येईल का? भाव करावा तसे. तो म्हणाला, आता थांबलो तर पुढच्या वेळी मांडीबद्दल बोलावं लागेल. सही हिने केली. माझे हात पांघरुणात होते. थंडीने.
त्याने पायावर पेनने रेघ मारली. कारागीर कापायच्या आधी चामड्यावर मारतात तशी. रेघ सरळ होती. हात चांगला आहे त्याचा.

६ नोव्हेंबर
पुष्कळ दिवस लिहिले नाही. लिहिण्यासारखे काही नव्हते.
ही दिवसभर स्टुलावर बसून असते. आज अचानक म्हणाली, मी रोज बघितलं असतं हो. एवढेच. मी म्हणालो, तुला दिसले नसते. मग तिने माझ्यासाठी आणलेले सफरचंद सोलले आणि फोडी करून माझ्या हातात दिल्या. सालीचे तुकडे स्वतः खात बसली.

३ डिसेंबर
घरी आलो. साडूंनी आणि खालच्या मजल्यावरच्या माणसाने खुर्चीत बसवून उचलून वर आणले. साडू पुढे होते. त्यांच्या पाठीला काही होत नाही आता. प्रत्येक पायरीवर मी वाट बघत होतो.

१५ डिसेंबर
मालक आला. बरोबर फळे, आणि काउंटरवरची बाईही. नवे दुकान सुरू झाले, गर्दी आहे. मी त्याला सांगितले, महिन्याभरात नकली पाय मिळतो आहे, पँटच्या आत कुणाला कळणार नाही. वरच्या मजल्याचे तुम्ही बघा, मी दाराजवळ बसतो. टाच हातात धरायला पाय कशाला लागतो?
त्याने केळ्यांचा घड उचलून टेबलावर सरकवला. मग म्हणाला, काका, वाईट वाटून घेऊ नका. माणूस बूट घ्यायला येतो तेव्हा आनंदात असतो. दारातच एका पायाचा माणूस दिसला तर त्याला कसं वाटेल? तुम्हीच सांगा, तुम्ही एवढी वर्षं धंदा केलात.
धंद्याच्या दृष्टीने बरोबर आहे. मी त्याच्या जागी असतो तर मीही हेच म्हणालो असतो, फक्त लवकर. तसे त्याला सांगितलेही. त्याला फार बरे वाटले.
खुर्चीवर कोण बसते विचारले. म्हणाला, खुर्ची ठेवलीच नाही. बाईंनी माझ्या उरलेल्या पायाकडे पाहिले. जाताना हिच्याशी दारात काहीतरी हळू आवाजात बोलत उभ्या होत्या.

३१ डिसेंबर
उद्यापासून नवे वर्ष. संकल्प करायचे तर नीट करावेत.
एक: गोळ्या नियमित, निदान या महिन्यात. दोन: साडूंशी गोड बोलणे, जिन्यात त्यांची गरज लागते. तीन, आणि हे मुख्य: झाले ते डाव्याचे झाले. डावा पाय पहिल्यापासूनच जरा हलक्या प्रतीचा होता. आता सगळी भिस्त उजव्यावर. तो खणखणीत आहे. मुंग्या नाहीत, आग नाही, तक्रार म्हणून नाही. अशा एका पायावर माणूस आणखी वीस वर्षे काढू शकतो.
वरचे लिहून झाल्यावर ही चहा घेऊन आली. कप देताना तिचा हात हलला आणि सगळा चहा माझ्या पायावर सांडला. उकळता होता, वाफ येत होती. कप फुटला. तिने पदराने पाय पुसायला घेतला आणि विचारले, भाजलं का हो?
उत्तर द्यायला मला खाली वाकून बघावे लागले.